समाधान तौर यांच्या पत्त्यावरून सुटलेल्या मेलबाबत

जबाब

मी, मालोजी सोनबा गावडे, वय ५२ वर्षे, धंदा – लोकांच्या वेबसाईट व ईमेल आपल्या सर्व्हरवर ठेवून सांभाळणे, राहणार चिंचवड गावठाण. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी कुटुंबासह राहतो. पूर्वी माझे सायबर कॅफे होते, त्यातूनच हा धंदा उभा राहिला. गिऱ्हाईक बहुतेक चाकण बाजूचे छोटे कारखानदार. महाळुंगे येथे माल रचून ठेवायचे लाकडी पॅलेट बनवणारे समाधान भगवान तौर, मूळ राहणार धाराशिव जिल्हा, हे त्यापैकी एक. बिल भरायला आले की चहा घेतल्याशिवाय जात नसत.

गेल्या सोमवारी सकाळी समाधान यांच्या पत्त्यावरून एकाएकी हजारो मेल सुटू लागले. मोठ्या मेल कंपन्यांकडून आमच्याकडे तक्रारी आल्या. एका सर्व्हरवर पुष्कळ गिऱ्हाइके असतात. एक नासका आंबा अढी नासवतो, तसे एकामुळे सगळ्यांचे मेल परत येऊ लागतात. तक्रारी पाहणारी माझ्याकडची मिनल म्हणाली, "सर, आधी बंद करा, मग बोला." मी म्हणालो, "अगं, गिऱ्हाईक आहे. आधी हाक मारायची, मग कुलूप." धंदा सुरू केल्यापासून माझी हीच पद्धत आहे.

समाधान यांचा फोन बंद लागला. म्हणून नोंदीतला दुसरा नंबर लावला. तो त्यांच्या पत्नी विजयश्री यांनी उचलला. मी म्हणालो, "वहिनी, समाधानरावांना सांगा जरा दमानं. सकाळपासून लई मेल सोडतायत."

त्या म्हणाल्या, "सोडतायत? आज?"

मागून त्यांच्या सासू सरूबाई यांचा आवाज आला, "कोन हाय गं? माझ्या लेकराचं नाव घेतलं का?" कुकरची शिट्टी झाली. नंतर शिट्ट्या होतच राहिल्या, गॅस कोणी बंद केला नाही. समाधान पंधरवड्यापासून घरी नाहीत व त्याबाबत आपल्या ठाण्यात खबर दिलेली आहे, हे मला त्यानंतर समजले.

तासाभरात विजयश्री माझ्या ऑफिसात आल्या. नवऱ्याच्या पत्त्यावरून त्यांनाही मेल आलेला होता. त्यात "नमस्कार, आपण कसे आहात, हे जरूर पाहा" एवढेच व खाली एक लिंक होती. मी विचारले, "ते तुम्हाला 'आपण' म्हणतात का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. शेजारी कुणी बसलं असंल, म्हणून तसं लिहिलं असंल." पुढे म्हणाल्या, "भाऊ, ते बंद नका करू. एवढी एकच वाट उघडी हाय."

मी दुपारपर्यंत बंद केले नाही. तोवर आमच्या सर्व्हरचे नाव मेल कंपन्यांच्या काळ्या यादीत गेले. भोसरीचे एक गिऱ्हाईक, दादासाहेब, फोनवर म्हणाले, "राव, माझं कोटेशन पार्टीकडून परत आलं. तुमच्याकडं काय यात्रा भरलीय का?" त्यानंतर मी समाधान यांच्या पत्त्यावरून जाणारे मेल बंद केले. येणारे चालू ठेवले आहेत.

मेल कोणी पाठवले याची तपासणी मी स्वतः केली. समाधान यांचा पासवर्ड मुलीचे नाव व जन्मसाल असा होता. तो चोरीस गेला असून, एकाच मिनिटात चार वेगवेगळ्या देशांतून त्यांचे खाते उघडलेले दिसते. ते काम माणसाचे नाही, मशीनचे आहे. महाळुंग्याच्या शेडमधून खाते शेवटचे उघडले ते समाधान घरातून गेले त्याच्या आदल्या दिवशी. त्यानंतर ते स्वतः खात्यात आल्याची एकही नोंद नाही. ते कोठे आहेत व कसे आहेत, हे सर्व्हरवरून सांगता येत नाही.

सोमवारपासून त्या खात्यात विजयश्री यांच्याकडून रोज मेल येतात. मी ते उघडलेले नाहीत. न वाचलेले म्हणूनच दिसतात.

विजयश्री आज सकाळपासून ठाण्यात बाहेर बाकावर बसून आहेत. "तो मेल म्हणजे पत्ता लागला, माणूस पाठवा," एवढेच त्या येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला सांगत आहेत. ते मला इथे आत ऐकू येते. साहेबांनी मला विचारले की, त्यांना कोण सांगणार. फोन मी केला होता, त्यामुळे मीच सांगेन.

माझा हा जबाब माझ्या विनंतीवरून दार लोटून, हळू आवाजात मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिलेला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. सही करून मी बाहेर जात आहे.