शेपटीला खाच असलेला मासा

पुन्हा मीच सांगू? अहो बाई, सगळं कागदावर आहे की — तरी ऑफिसातून माणूस पाठवायचा, म्हाताऱ्याचं डोकं खायला. बसा. त्या खुर्चीवर नको, पाय मोडलाय तिचा. तर धरणाला माशांसाठी जिना बांधलेला — पाण्याच्या पायऱ्या हो, उड्या मारत मासा वर जातो, अंडी घालायला. वरच्या टोकाला भिंतीत काच, काचेमागं ओलसर खोली, खोलीत मी. मासा गेला की मोजणीचं बटण दाबायचं. अकरा वर्षं दाबलं. जिना काम करतो का म्हणताय? करतो की! चढतात मासे. चढतात म्हणजे — थांबा, हे लिहू नका अजून.

एक होता, शेपटीला खाच पडलेला. सोमवारी वर गेला, मी बटण दाबलं. बुधवारी परत तोच. शुक्रवारी परत. म्हटलं, हा खाली आला कधी? तर जिना वर उघडतो तो धरणाच्या दरवाज्यांना खेटून — दमलेला मासा बाहेर पडतो, पाण्याची ओढ त्याला धरते आणि दरवाज्यातून खाली भिरकावते. की पुन्हा पहिल्या पायरीपासून! रविवारी चौथ्यांदा मोजला मी त्याला. एकाचे चार! साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, तू वर जाणारे मोज, खाली पडणारे तुला विचारलेत कुणी? म्हटलं, बरं. मी चौथी शिकलेला, मला काय कळतंय. नाही — खोटं कशाला बोलू, कळत होतं. पण आकडा फुगत होता, पेपरात काचेशेजारी उभा असलेला माझा फोटो आला होता, बायकोनं तो कापून कपाटाला आतून चिकटवला होता.

माझा धाकटा भाऊ धरणाच्या वरच्या अंगाला मासे धरायचा, स्वतःची होडी होती. एके दिवशी थेट आमच्या कॅंटीनमध्ये आला. "दादा, तुझे एवढे हजारो मासे वर येतात, मग माझ्या जाळ्यात का नाहीत रे?" आणि मी — तो खाचवाला त्याच सकाळी पाचव्यांदा मोजून आलो होतो, बाई — मी हसलो. म्हटलं, तुला जाळं टाकता येईना झालंय, बायकोला पाठव. सगळे खिदळले. तो नाही. म्हणाला, "खोटारडा आहेस तू." चारचौघांत! थोरल्या भावाला! वर्षभरात होडी विकली त्यानं. आता कुठल्या गोदामाच्या दारात शिट्टी घेऊन बसतो म्हणे.

आणि तुम्ही आलात ती आकडे खरे म्हणून सही मागायला. खाली नवं धरण, त्यालाही असाच जिना, माझ्याच आकड्यांवर. नाही देत जा. लिहा — खाली पडणारे मोजलेच नाहीत, आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. आता लिहा, लिहा! धाकट्यालाही नेऊन वाचून दाखवा हवं तर. मी? मी नाही जायचा. भरल्या कॅंटीनमध्ये मला खोटारडा म्हणाला तो — आधी त्यानं माफी मागायची, मग मी तोंड उघडीन. उठा, बस चुकेल तुमची. कुणी मागायची म्हणजे? साहेबानं कशाला — धाकट्यानं!