कुसाबाईचं दावं

—दावं तुमचं आणलंय ना? नाय, बसा की लखनशेठ, घाई काय, माझा राकेश दुकानावरनं येईलच. मी आपलं विचारून ठेवते. व्यापाऱ्यानं दावं घेऊन यावं, ही रीत हाय. ह्या कुसाबाईच्या घरातनं गाय जाते, दावं जात नाय. नि ते सोडायचंही घरच्याच बाईनं. दावं गेलं का दावणीची बरकत गेली, सासू सांगायची. मागल्या खेपेला तुम्ही विसरलात, मग शेजारनं कासरा मागून आणला — तवर ती गाय दारात उभी, माझ्याकडं बघत. तसं नको.

हां, तीच. कोपऱ्यातली, कानात पिवळा बिल्ला. दिसायला कशी हाय? देखणीच. कुठल्या तरी लांबच्या नामी गाईचं बीज, नळीत फळवलं, नि ठेवलं कुठं, तर आमच्या चंद्रीच्या पोटात. चंद्री म्हंजे ही, दाराजवळची, आमच्या डोंगरातली डांगी गाय. माझ्या माहेरनं आणलेली. गावातल्या आणखी गाईंच्या पोटातही ठेवलं होतं — कुणाचं मेलेलंच निघालं, कुणाचं बेंबी सुजून गेलं, जगली ती एवढी ही. अन् जगली ती कशी? एवढं मोठं वासरू डांगीच्या अंगाला पेलतंय व्हय? दोर बांधून गड्यांनी ओढलं. तवापास्नं चंद्री मागला पाय ओढत चालते. राकेशनं पेढे वाटले ते ह्या कोपऱ्यातलीच्या नावानं. चंद्रीचं काय, विचारलं मी, तर म्हणतो, आई, सामान काढून घेतल्यावर पिशवी कोण सांभाळतं?

पाणी घ्या. — नाय नाय, रोगबीग काय नाय. ही कोपऱ्यातली गाभण राहत नाय, एवढंच. आता तुम्ही म्हणाल, तरणीताठी कालवड, माजावर येत नाय म्हंजे काय? अहो, येते की. परवा सकाळी एवढी हंबरली का — म्हंजे, हंबरतात सगळ्याच. राकेश दिसभर घोटीला, गोठ्यात मी. मी सांगीन तवा त्याला कळायचं. नि मी नाय सांगितलं. का म्हंजे? तो बोलून बसला होता, ही गाभण राहिली का दाराजवळची जागा हिला करायची. दाराजवळ कोण बांधलंय, दिसतंय ना तुम्हाला? मग ही हंबरायला लागली का पुढ्यात हिरवा चारा टाकायचा, नि डॉक्टर आला का म्हणायचं, नाय बा, मला काय दिसलं नाय. शेवटी तोच म्हणाला, नळीतल्या जनावरात असतं असं एखाद्याचं. मी मान हलवली. वाईट वाटतं हो. हात चाटती माझा, लेकीवानी. पण दोघींतली एक जायचीच होती.

हे राकेशच्या कानावर घालू नका. तुमचं मी कुठं बोलते? पोसणाऱ्याला देतो म्हणता, मी हो म्हणते. मागली गाय कुणी पोसली, विचारलं मी? घोटीच्या पुढं तुमचा टेम्पो ताडपत्री ओढून कोणत्या रस्त्याला लागतो, ते गावाला ठाऊक हाय. कुणी विचारत नाय.

बरं, राकेशची वाट बघायची नाय म्हणता? चला मग, सोडते. घाला तुमचं दावं. थांबा, कपाळाला हळद लावू द्या — जा बाई, जा. चढली बघा निमूट. माझ्याकडं बघितलं पण नाय तिनं. लावा फळी.

लावा की. — कसली वाट बघताय?

ते खांद्यावर काय तुमच्या? तुमचं दावं तर तिच्या गळ्यात घातलंत. मग हे दुसरं कशाला आणलंत?

दाराकडं काय बघता, लखनशेठ.

राकेश बोलला? दोन्ही? कधी बोलला? मला सकाळी म्हणाला, आई, भाकरी थोडी जास्त टाक, व्यापारी येणार हाय. एवढंच म्हणाला तो. — नाय, तुम्ही चुकीचं ऐकलं. ती माझ्या माहेरची हाय. पाय अधू हाय तिचा, तिला टेम्पोत चढता तरी येतंय का?

बसून घ्या तुम्ही. दावं घरच्या बाईनं सोडायचं असतं, नि मी सोडणार नाय. बसा संध्याकाळपर्यंत. बसा उद्यापर्यंत.

तो कोयता ठेवा खाली. — लखनशेठ, दावं कापू नका. कापू नका हो, दावं—