शेपटाकडची काच

इंग्लंडातल्या लिंकनमध्ये मॉडेलच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक सत्तरीची बाई होती. तिनं दुकानदाराला लँकेस्टर या जुन्या बॉम्बर विमानाच्या मॉडेलचे दोन डबे उघडायला लावले होते.

“हा लहान घ्या, बाई. एका दुपारीत जोडून होतो.”

“याच्या शेपटाची काच आधीच जोडून आलीय. नको.”

“मग मोठा घ्या. पत्र्यावरचे रिव्हेटचे खिळे जरा जास्तच उठून दिसतात, पण काच बघा, कशी नितळ आहे!”

“ती सुटी आहे ना?”

“सुटीच आहे की.”

“झालं तर. ती मला लावायचीच नाहीये.”

“अहो, मॉडेल क्लबच्या स्पर्धेत गुण कापतील!”

“कापू देत. युद्धात बाबा शेपटात बंदुकीवर बसायचे. त्यांनी समोरची काच काढूनच टाकली होती. काचेवरचा डागसुद्धा अंधारात शत्रूचं विमान वाटायचा.”

“आणि थंडी हो?”

“दोन बोटं गेली. तरी घरातसुद्धा खिडकी लावू द्यायचे नाहीत. आई जन्मभर भांडली त्यावरून.”

“आता आई सुटल्या म्हणायच्या त्या थंडीतून.”

“बांधा हा मोठा. आईसाठीच आहे. बाबा गेल्यापासून ती कुणाला खिडकी लावू देत नाही.”