ग्रीसच्या डब्यांबाबत दिलेली खबर मागे घेण्याबाबत

दि. २२ नोव्हेंबर १९५४, सोमवार, सकाळी साडेनऊ.

नाव धोंडीबा कृष्णा खराडे, वय ५२ वर्षे, धंदा लॉरी दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री, मूळ गाव जुन्नरकडचे, हल्ली राहणार कल्याण, शाळेमागची चाळ, खोली नंबर ४. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी चौकीत येऊन पुढील हकीकत सांगतो.

माझा मुलगा तानाजी, वय १९, माझ्याच कारखान्यात सामानाच्या खोलीवर कामाला आहे. दि. १३ रोजी त्या खोलीत ग्रीसचे तीन डबे कमी भरले. किल्ली तानाजीकडे असते. मालकांनी त्याच दिवशी त्याला घरी बसवले. बुधवारी, दि. २४ रोजी, मालक सगळ्या कामगारांसमोर काय तो निकाल सांगणार आहेत. चोर ठरला तर या गावात त्याला कोणी पाना हातात धरू देणार नाही. मलाही तिथे मान वर करून काम करता येणार नाही.

शाळेच्या शेवटच्या वर्गाची खिडकी माझ्या खिडकीसमोर येते, मध्ये फक्त गटार आहे. त्या वर्गात दर रविवारी त्र्यंबक मास्तर नावाचे गृहस्थ पाचसहा मुलामुलींना नाटक शिकवतात, असे म्हणतात. मला ते पहिल्यापासून पटलेले नाही. नाटक म्हटले की पेटी हवी, पडदा हवा, पाठांतराचा आरडाओरडा हवा. इथे नुसती कुजबुज, मध्येच हसणे, आणि कोणाच्याही हातात कागद नाही. त्यात नाथा नावाचा एक पोरगा आहे. त्याच्या चुलत्याची लॉरी आहे, हे मी ध्यानात ठेवले होते.

काल रविवारी पाचच्या सुमारास मी खिडकीत दाढी करीत होतो. तेव्हा पुढील बोलणे माझ्या कानांनी ऐकले.

मास्तर म्हणाले, "हे ग्रीसचं आहे हे आता विसरा. आपल्या हातात आलं की आपलं."

चित्रा नावाची मुलगी म्हणाली, "नावं बदलली की कोण ओळखणार, सर?"

नाथा म्हणाला, "सगळंच घ्यायचं का?"

"लागेल तेवढं घ्या, बाकीचं टाकून द्या."

"आणि मध्येच कुणी काय विचारलं तर?"

"आयत्या वेळी सुचेल ते बोला. घरून ठरवून आलात की खोटं वाटतं."

गालाला साबण तसाच ठेवून मी चौकीत आलो आणि खबर दिली. खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता. चोर दुसरा कोणी निघाला, असे वाटले.

हवालदारसाहेब माझ्याबरोबर आले. कपाट पाहिले, बाकांखाली पाहिले. डबे नव्हते. मास्तर आधी गोंधळले, मग इतके हसले की चष्मा काढावा लागला. ग्रीस नावाचा देश आहे आणि तिकडच्या एका जुन्या गोष्टीचे आम्ही नाटक करतो आहोत, असे त्यांनी सांगितले व भिंतीवरचा नकाशा दाखवला. देशाला असले नाव कोण ठेवील, असे मी म्हणालो. हवालदारसाहेबांनी जवळ जाऊन वाचले आणि 'आहे' म्हणाले. माझी तरीही खात्री पटली नाही. नकाशा शाळेचाच, मास्तरही शाळेचेच.

हवालदारसाहेबांनी लिहिलेले नाटक मागितले. मास्तर म्हणाले, लिहिलेले नाही, मी गोष्ट सांगतो आणि मुले उभी राहून आपल्या मनाने बोलतात. त्यावर साहेब म्हणाले, "लिहिलेलंच नाही तर नाटकाला पोलिसांनी परवानगी कशावर द्यायची? स्टेजवर तुम्ही काय बोलाल याचा भरवसा काय? आत्ता करून दाखवा." मी म्हणालो, दाखवाच. आता हे उघडे पडणार, अशी माझी खात्री होती.

गोष्ट अशी की, एका बेटावरच्या गावात घाण्यावरचे तेल चोरीला जाते. यांनी घाण्याचे मिठागर केले आणि तेलाचे मीठ. नाथा मालक झाला. चित्राने टॉवेलचा फेटा बांधला आणि ती बाप झाली. तिचा मुलगा झालेला पोरगा खाली मान घालून उभा राहिला. नाथाने सगळ्यांदेखत विचारले, "बोल म्हातारबा, तुझ्या पोरानं नेलं का मीठ?"

चित्रा त्या पोराकडेच बघत राहिली. शेवटी हवालदारसाहेबच म्हणाले, "अगं, बोल की."

तेव्हा ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मी त्याला विचारलंच नाही."

मास्तरांनी तिला, हे कुठून सुचले, असे विचारले. ती म्हणाली, "सर, तो माझ्याकडे बघतच नव्हता."

यावर मी साहेबांना, आता चला, असे म्हणालो. त्यांनी कारण विचारले, ते मी काल सांगितले नाही. आज सांगतो. या आठ दिवसांत तानाजी नळावर गेला असताना मी त्याची ट्रंक दोनदा उघडून पाहिली. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येतो का, तेही पाहिले. वास माझ्याही शर्टाला येतो. नाथाचा चुलता, भंगारवाला, शेजारचे, सगळ्यांवर डोळा ठेवला. तानाजीला मात्र एका शब्दाने विचारले नाही. तो हो म्हणेल, अशी भीती वाटत होती.

काल जेवताना विचारले. त्याचा हात ताटातच राहिला. म्हणाला, "नाही, आबा." मग म्हणाला, "आठ दिवस लागले व्हय इचारायला?" मला लाज वाटली.

सबब, मास्तर व त्यांचे विद्यार्थी यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. डबे कोणी नेले ते मला माहीत नाही. माझ्या मुलाने चोरी केली नाही. बुधवारी मी त्याच्या शेजारी उभा राहणार आहे, मग मालक काय म्हणायचे ते म्हणोत. हे जबाबात लागत नाही, असे लेखनिकांनी सांगितले. मी म्हणालो, लिहा.

लेखनिकांनी जबाब मोठ्याने वाचला, मी ऐकला. त्यात 'माझ्या मुलाने चोरी केली नसावी' असे आले होते. मी तसे सांगितले नव्हते. 'नसावी' खोडायला लावून तिथे 'नाही' लिहून घेतले व त्या जागी वेगळी सही केली. बाकी मजकूर बरोबर आहे.