अर्धा वाघ नागपूरले

आज या कार्यक्रमाले सगळ्यात पहिलं कोण आलं, सांगू? शकुंतलाबाई. टेम्पोतून खुर्च्या उतरल्या नव्हत्या तं बाई हजर! गजेंद्र हातात झाडू घेऊन उभा होता. सरपंच झाडू मारतो म्हणजे फोटो निघून राह्यला असन, हे तं तुमाले माहीतच आहे. बाई त्याच्या झाडूखालून वाट काढून सरळ आमच्या या चिंध्यांच्या चित्रासमोर जाऊन बसली. चष्मा पदरानं पुसला, नाक चित्राले लावलं, आन एकेक बटन, एकेक चिंधी निरखून राह्यली. मी म्हटलं, "काय वं शकुंतले, एवढं काय पाहून राह्यली?" तं म्हणते, "काही नाई वं. माह्या सुनेची ओढणी पंधरा दिवसांपासून सापडून नाई राह्यली. म्हटलं, तुह्या जंगलात तं नाई ना गेली!"

गेली आहे. चित्रातल्या पळसाच्या झाडावर आहे. पण सुनेनंच आणून देल्ली, आता घरी जाऊन तुमचं तुम्ही पाहा.

थांबा. गजेंद्र माह्या पदर ओढून राह्यला. काय रे? पहिलं अध्यक्ष महोदय म्हणा म्हणतो. बरं बाप्पा, म्हणतो.

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमचे सरपंच गजेंद्रभाऊ. मंचावर बसलेल्या नागपूरच्या कला कॉलेजच्या दीपमाला मॅडम. त्याईच्या विद्यार्थिनी मेघा आन बाकीच्या पोरी. समोर बसलेले हिंगणीचे गावकरी, माय-बहिणी. सतरंजीवर लोळणारे पोट्टे. आन खिडकीतून पाहणारे ते, ज्याईले आत याची लाज वाटते पण चिवड्याचा वास सोडवत नाई. तुमा सगळ्याईले या रुख्माबाईचा नमस्कार. झालं ना, गजेंद्र? बस मंग खाली. तू उभा राह्यला की मले वाटते माह्या वेळ संपला.

मले भाषण येत नाई. मी शाळेत गेली ते दुसरीपर्यंत. मंग मायनं लहान भाऊ कडेवर देल्ला आन शाळा तिथंच राह्यली. आज त्याच शाळेत माईक हातात आला, तं सोडाची इच्छा होईन का? तुम्हीच सांगा.

आता पाहुण्याईले माह्या धंदा सांगतो, गावाले तं माहीत आहे. गाव मले कबाडवाली बुडी म्हणते. तोंडावर नाई म्हणत, पण मले कान आहेत. माह्या नवरा, डोमाजी, बसस्टँडवर शिलाई मशीन घेऊन बसे. तो गेला, मशीन घरी आली, आन मशीनच्या मांगं मांगं चिंध्यांची गाठोडी आली. लोक म्हणतात, माणूस गेला की घर शांत होते. माह्या घरात उलटंच झालं. फ्रिजचा आवाज येऊ लागला. एवढी वर्षं तो फ्रिज बोलत होता आन मले माहीतच नव्हतं! दिवसभर मी आन तो फ्रिज. म्हणून मी रेडिओ लावला. तो बिघडला. तं म्हटलं, याले उघडून पाहावं. आत काय बाई ते लाल-हिरवे तार, काय त्या चांदीच्या टिकल्या! फेकाले जीव झाला नाई. बारदान्याचा तुकडा घेतला, त्याच्यावर तारेचा कोंबडा शिवला. तुरा केला फुटक्या बांगड्यांचा, शेपटी केली जुन्या दातघासणीच्या केसांची. दारावर टांगला. दुसऱ्या दिवशी कोंबडी केली. एकटा काऊन राहीन बिचारा?

मंग हातच थांबेना. छत्रीच्या काड्या, लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद, बाजारात हर मालवाल्याजवळ उरलेलं एका कानाचं कानातलं. एका कानाचं कोणी घेत नाई, म्हणून तो मले हाका मारून देते. कापसाचं बोंड फुटल्यावर जे वाळकं टरफल उरते ना, त्याचं फूल किती सुंदर होते, पऱ्हाटी उपटणाऱ्याईले विचारा. माह्या पोरगा राकेश पुण्यात आहे. फोनवर चेहरा दाखवते आन म्हणते, "आई, तो कबाड फेक, घरात साप येईन." मी म्हणतो, येऊ दे. कोणी तं येईन.

हसा, हसा. मी भी हसलीच होती.

तं या पोरी कशा आल्या? बोरच्या जंगलात वाघ पाहाले आल्या होत्या. वाघ काही दिसला नाई. परत जाता जाता माह्या दारात पाणी मांगाले थांबल्या. पाणी राह्यलं बाजूले, ही मेघा कोंबड्यासमोर उभी! म्हणते, "आजी, हा कोणी केला?" मी म्हटलं, "माह्याशिवाय इथं कोण आहे वं?" दीपमाला मॅडम आत आल्या. पलंगावर बसल्या. पलंगाखालचं गाठोडं पाहून खाली बसल्या. मंग गॅसवर चहा चढला. त्या दिवशी फ्रिजचा आवाज मले आलाच नाई.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या परत आल्या. शाळा बंद होती, गजेंद्रनं किल्ली देल्ली. ठरलं की गावातल्याच टाकाऊ सामानाचं मोठं चित्र कराचं. जंगल, धरण आन जो दिसला नाई तो वाघ. झोपाले माह्या घराचा स्लॅब. सांजीले स्लॅबवर पाणी शिंपडाचं, गाद्या टाकाच्या. पोरी हसत, भांडत, एकमेकींचे केस ओढत. मले म्हणत, "आजी, तुमाले त्रास होते का?" बाई, त्रास! मी जागीच राहो, की यातली एक भी गंमत सुटू नये.

मंग आम्ही सामान मांगाले घरोघरी गेलो. मी यातल्या कित्येक घरात वर्षानुवर्षं पाय ठेवला नव्हता. काऊन जाईन? बारसं नाई, लग्न नाई, तं कोण कोणाकडं जाते आता? आतमधी पाहतो तं काय, प्रत्येक घरात एक माह्यासारखं माणूस बसलेलं! धरणाचं पाणी कशाचं करावं म्हणून पोरी विचारात पडल्या होत्या, कारण पाण्याले चमक पाहिजे. ते चमक आम्हाले घराघरात मिळाली. गोळ्यांचे रिकामे, चांदीच्या कागदाचे पत्ते. बीपीच्या, शुगरच्या, गुडघ्याच्या. हिंगणीच्या म्हाताऱ्याईपाशी एवढी चांदी आहे, हे मले माहीत नव्हतं! समोर बसलेल्या या नानाजीनं तं सगळे पत्ते एकदम देल्लेच नाई. रोज एक देत. म्हणत, "आजचा हा घ्या, बाकीचे शोधून ठेवतो, उद्या या." पोरी रोज जात. पत्ता घेत, आन त्याईच्या कापूस खरेदीच्या गोष्टी ऐकत. नानाजी, तुमची पत्त्यांनी भरलेली पिशवी खुंटीले टांगलेली मले दिसली होती. पण मी बोलली नाई.

आता वाघाची गोष्ट सांगतो. आज सत्काराले शाल काऊन नाई, नुसतं नारळच काऊन, असं सगळे कुजबुजून राह्यले ना? गजेंद्र, तू खाली पाहू नको. मी सांगतो.

मॅडम, तुमाले माहीत नाई, पण आमच्या ग्रामपंचायतीची शाल एकच आहे. तपकिरी, पिवळ्या काठाची. ज्याचा सत्कार असन त्याच्या खांद्यावर घालाची, फोटो काढाचा, टाळ्या वाजवाच्या. कार्यक्रम झाला की त्यानं ते शाल घडी करून शिपाई ओमप्रकाशच्या हातात द्याची. कोणी सांगत नाई, पण सगळ्याईले समजते. माह्या नवऱ्याच्या खांद्यावर भी तेच होती, शाळेच्या मास्तरांच्याही खांद्यावर तेच. तुम्ही आल्या तेव्हा स्वागतात तुमच्या खांद्यावर तेच टाकली. आता तुम्ही शहरातल्या. तुमाले वाटलं, देल्ली म्हणजे देल्ली! ओमप्रकाश दोन्ही हात समोर करून उभा होता. तुम्ही त्याले हात जोडून नमस्कार केला आन निघून आल्या. त्याले मांगाची लाज वाटली. मंग वाघाले रंग मिळेना, तं मॅडमनं मोठ्या मनानं स्वतःची शाल काढली, म्हटलं, "हे गावानं मले प्रेमानं देल्ली, गावाच्याच वाघाले लागू दे." आन मी काही बोलाच्या आत कात्री फिरली!

तं मंडळी, तो वाघ म्हणजे आपली ग्रामपंचायत आहे. हसता कायले? गजेंद्रभाऊ, तुम्ही रागवू नका. आजवर त्या शालीचा एवढ्या लोकाईनं मान घेतला, पण शालीचा मान कोणी केला? या पोरीईनं केला.

आता खरी गोष्ट. आज सकाळपासून शाळेत जो गोंधळ चालला, त्याची.

चित्र एवढं मोठं झालं की बारदान्याचे दोन तुकडे जोडावे लागले. मधातली शिवण मेघानं खालून घातली, मी वरतून. मधात जिथं दोघींच्या सुया भेटल्या, तिथं वाघाचं पोट आहे. मॅडम म्हणाल्या, नागपूरच्या प्रदर्शनात नेतो. गजेंद्र म्हणाला, पंचायतीच्या भिंतीवर लागन, गावचं गावात राहीन. दोघंही गोड बोलत होते, पण दोघंही चित्राचं एकेक टोक धरून होते. मी कोणाच्या बाजूनं बोलू? नागपूरले जाऊ द्यावं तं चित्र जाते. पंचायतीत ठेवावं तं पोरी रिकाम्या हातानं जातात, आन रिकाम्या हातानं गेलेलं माणूस कायले परत येते?

तं मी सकाळी इथं आली. कोणी नव्हतं. ओमप्रकाशनं दार उघडून देल्लं. मी खाली बसली आन मधातली शिवण उसवली.

मेघा आली तं तिनं तोंडावर हातच ठेवला. "आजी, हे काऊन केलं? तुमाले आमचा राग आला का?" रडू लागली बाई. मी म्हटलं, "राग नाई वं. वाघाचं तोंड तू ने, शेपटी इथं राहीन." म्हणते, "आजी, प्रदर्शनात अर्धा वाघ कोण ठेवीन?" मी म्हटलं, "ठेव तं. लोक विचारतीन, बाकीचा कुठं आहे. तू म्हण, हिंगणीले आहे, आम्हाले जावं लागन."

दीपमाला मॅडम खाली बसल्या, उसवलेल्या दोऱ्याले हात लावला. मंग म्हणाल्या, "आजी, आम्ही येऊच ना लवकर." मी म्हटलं, मॅडम, माफ करा, पण लवकर हा वार कॅलेंडरात कुठं आहे, मले दाखवा. माह्या राकेश भी लवकर येणार आहे. दोन दिवाळ्या झाल्या. तो खोटं नाई बोलत हो, त्याची नोकरी तशी. त्याले मी काही म्हणत नाई. पण तुमाले म्हणतो, कारण तुम्ही सवय लावली. एकट्या माणसाले सवय लावणं सोपं आहे. मोडाले मात्र कोणी सोबत नाई राहत.

म्हणून आता, या भरल्या सभेत, अध्यक्षांच्या साक्षीनं, मी विचारतो. मॅडम, कधी येता? वार सांगा, सण सांगा. फोनमधी सुट्टी पाहाची असन तं पाहा. मी थांबतो. माईक माह्या हातात आहे आन मले घरी कोणतं काम नाई.

...

पाहा, पाहा, पोरी सगळ्या एका फोनमधी डोकं घालून बसल्या. काय म्हणता? पोळ्याले? गजेंद्र नाई म्हणून मान हालवून राह्यला. बरोबर आहे त्याचं. पोळ्याले गाव बैलाईत राहते, वाघाले कोण विचारन? त्याच्या दुसऱ्या दिवशी? मेघा, जोरात बोल, मांगंपर्यंत ऐकू जाऊ दे. बाकीच्या पोरीईनं भी माना हालवा. मॅडम, तुम्ही? हो म्हणा. हो म्हटलं! ऐकलं ना सगळ्याईनं? ओमप्रकाश, तू भी ऐकलं ना? तू लाजजो नको आता, वेळ आली तं हात समोर करून मांगजो.

झालं माह्यं. ज्याईनं आपल्या घरातलं फुटकं-तुटकं देल्लं, त्या सगळ्या घराईचे उपकार. शाळेची किल्ली देल्ली म्हणून गजेंद्रभाऊचे, आन शाल गेली तरी डोळे वटारले नाई म्हणून भी. पोरीईनो, तुमचे आभार मी मानत नाई, आभार मानले की हिशेब मिटते. बोलता बोलता कोणाचं नाव राह्यलं असन, कोणाची ओढणी उघडी पडली असन, कोणाले मोठ्याच्या जागी लहान म्हटलं असन, तं पदरात घ्या. बुडीच्या तोंडाले फाटक नाई, हे मानून घरी जा. चिवडा खाऊन जा.

गाडीचा हॉर्न वाजून राह्यला. वाघाचं तोंड जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं आहे, त्याच्यावर कोणी बसू नका. शेपटी मी घरी नेतो. शिवणीचा दोरा नवा आणून ठेवीन.

तं मंडळी, पोरी येतात तो दिवस ध्यानात ठेवा: तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात त्या सकाळी, सेलूवरून येते त्या पहिल्या गाडीनं.