नव्या सल्लागाराचं बारसं

कौलूनच्या बोटीसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे हाँगकाँग सरकारच्या कचेरीतले दोघे होते, एक पिकल्या केसांचा आणि एक तरुण.

"लाउकाका, गव्हर्नरच्या चीनविषयक सल्लागाराची जागा भरली म्हणे."

"भरली. लंडनहून येतोय कुणी लॉसन."

"तुम्हीही अर्ज केला होता ना?"

"केला होता. पेकिंगहून आलेलं प्रत्येक पत्र बावीस वर्षं मीच वाचतोय. उत्तर काय द्यायचं तेही मीच सांगतो. साहेब सही करतात."

"मग अडलं कुठे?"

"मुलाखतीत विचारलं, उद्या चीनशी बिनसलं तर तू कुणाच्या बाजूचा?"

"आणि लॉसनला काय विचारलं?"

"बोट लागते का, असं विचारलं असेल."

"चिनी येतं त्याला?"

"नाही. ते मी शिकवायचं, असा हुकूम आहे."

"म्हणजे दारावरच्या पाटीसाठी त्याचं चिनी नावही तुम्हीच ठेवणार."

"नेहमी मीच ठेवतो. आजवर चार साहेबांची बारशी केली. प्रत्येकाला चांगलं भारदस्त नाव शोधून दिलं."

"याला काय दिलंत?"

"लॉसन आहे, म्हणून आडनाव लाउ. पुढे विंग-फाय लावलं."



"काका, हे तर तुमचंच नाव."

"त्याला कुठे वाचता येतंय? आज सकाळी त्याच्या दारावर पाटी लागली. मी जाऊन फडक्याने लख्ख पुसूनही आलो."