अटलांटिकवरचे मानपान

(स्थळ : नाशिक शहर, कॉलेज रोडवरील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची, विमानाची तिकिटे काढून देणारी लहानशी कचेरी. काळ : चालू वर्षीचा मार्गशीर्ष महिना, शनिवारची दुपार. उपस्थित : कचेरीची मालकीण उज्वला आणि तिचे मामा रंगनाथराव, बाजार समितीचे निवृत्त सचिव.)

उज्वला : ...आणि डब्लिनहून निघालं तर खरंच स्वस्त पडतं, मामा, मी नाही म्हणतच नाही. पण त्यासाठी आधी डब्लिनला उतरावं लागेल, आणि उतरायला तिथला वेगळा व्हिसा. तो हातात येईपर्यंत तुमच्या पूजाच्या बाळाचं बारसं होऊन जाईल.

रंगनाथराव : मग लिस्बन?

उज्वला : तिथेही व्हिसा. लंडनला आपलं निभतंय, कारण मामी आणि पूजाच्या सासूबाई साळूबाई, या दोघींच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे. विमान बदलण्यापुरतं तिथे चालतं.

रंगनाथराव : उत्तरेकडून वळसा घेऊन जाणारे एक विमान काल माझ्या पाहण्यात आले. भाव रास्त होता, आणि वर्ग स्पष्टपणे ‘बिझनेस’ असा लिहिला होता.

उज्वला : त्यात पुढची खुर्ची नुसती रुंद असते. आडवी होत नाही.

रंगनाथराव : आडवी होत नाही, तर तिला हे लोक बिझनेस क्लास कशाच्या आधारावर म्हणतात?

उज्वला : नाव मी नाही ठेवलेलं, मामा.

रंगनाथराव : तू ठेवलेस असे मी म्हणत नाही. शब्द वापरला की त्याची जबाबदारीही घ्यावी, इतकेच माझे म्हणणे.

उज्वला : बरं, पुन्हा एकदा नीट बघू. मुंबई ते लंडन दोघींचं झालंय. महेशने विमान कंपनीकडे साठलेले आपले सगळे पॉइंट खर्चून सासूला आणि आईला, दोघींनाही आडवं होता येईल अशा जागा घेतल्या.

रंगनाथराव : जावईबापूंनी कसूर केली नाही. परंतु पॉइंट लंडनला संपले आणि पूजा राहते बोस्टनला. मध्ये अटलांटिक महासागर आहे, त्याला इलाज नाही.

उज्वला : त्या अटलांटिकसाठी नाताळच्या आदल्या दिवशीचं विमान शोधलं मी. कंपन्यांचे साहेब तेव्हा घरी असतात, पुढच्या खुर्च्या रिकाम्या राहतात, म्हणून भाव उतरतो. काल उतरलाही. एक खुर्ची आपल्याला मिळाली. दुसरी घेऊ म्हणेपर्यंत भाव तिप्पट.

रंगनाथराव : मला दोन हव्यात. शेजारी-शेजारी नसल्या तरी चालेल, एका रांगेत नसल्या तरी चालेल. पण दोन्ही पुढे.

उज्वला : तर मग बोली लावायची. दुसरं तिकीट साधं काढायचं आणि पुढच्या जागेसाठी आपला आकडा टाकायचा. लागली तर लागली.

रंगनाथराव : दुसऱ्याने किती आकडा टाकला ते दिसते का?

उज्वला : नाही.

रंगनाथराव : माल किती शिल्लक आहे ते?

उज्वला : तेही नाही.

रंगनाथराव : उज्वला, मी एकतीस वर्षे कांद्याचे लिलाव पाहिले. तिथे भांडणे झाली, धक्काबुक्की झाली. पण ट्रॅक्टर सर्वांच्या समोर उभा असे आणि बोली सर्वांच्या कानांवर पडे. तू सांगतेस तो लिलाव नव्हे. तो जुगार आहे.

उज्वला : मग जुगार खेळू नका. मामींची आडवी जागा झालीये ना? झालं तर मग. साळूबाई साध्या खुर्चीत बसतील. चांदवडहून नाशिकला एसटीत उभ्याने येतात त्या.

रंगनाथराव : हं.

उज्वला : हं काय?

रंगनाथराव : ती जागा कोणाच्या नावावर आहे, ते तू पाहिलेस का?

उज्वला : बघायचं काय त्यात? लिंक मी पाठवली, नाव तुम्ही भरलंत. थांबा... मामा!

रंगनाथराव : आवाज हळू.

उज्वला : हे साळूबाईंचं नाव आहे!

रंगनाथराव : स्पेलिंग मी तीन वेळा तपासले.

उज्वला : पाठीचं ऑपरेशन मामींचं झालं! डॉक्टर म्हणाले, सलग दोन तासांच्या वर बसायचं नाही, झोपून जाता आलं तरच जा. आणि पलंग तुम्ही दिलात विहीणबाईंना? त्या अजून गच्चीवर वाळवणं घालतात!

रंगनाथराव : मला माझी बाजू क्रमाने मांडू दे. मिळाली एकच जागा. आम्ही मुलीकडचे. मुलीकडच्या बाईने पुढे पाय पसरून झोपावे आणि मुलाच्या आईने मागे गुडघे आखडून बसावे, ही गोष्ट मी माझ्या हाताने करू शकत नाही. दुसरी जागा मिळेल, या भरवशावर मी पहिलीवर त्यांचे नाव घातले. क्रम तोच असायला हवा होता.

उज्वला : विमानात कसले आलेत मुलीकडचे अन् मुलाकडचे?

रंगनाथराव : पूजाच्या लग्नात तू होतीस. आमच्याकडच्या खंडेरावभाऊंना सोफा मिळाला आणि विहीणबाईंच्या दिरांना प्लास्टिकची खुर्ची. ते भरल्या पंगतीतून उठले. मी मांडवाच्या दारापर्यंत हात जोडून मागे गेलो. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा सोफा आणि खुर्ची होती. आता पलंग आणि खुर्ची.

उज्वला : आणि मामी काय म्हणतात?

रंगनाथराव : ती म्हणाली, “त्यांचं आधी करा. माझं नाही जमलं तर मी राहीन.”

उज्वला : राहीन? पोटच्या पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि राहीन?

रंगनाथराव : स्वर अगदी साधा होता. भाजी नको म्हणावे, तसा. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ. भांडे एकही घासले नाही. म्हणून तर मी सकाळपासून तुझ्यापुढे येऊन बसलो आहे.

साळूबाई : येऊ का आत? का पाहुण्यांची काही खासगी बात चाललीया?

रंगनाथराव : विहीणबाई! आपण? या, या. उज्वला, खुर्ची दे. ती नको, ती मऊ दे.

साळूबाई : राहू द्या ओ इवाई, मला कंबरंला टेकण लागत नाय. तुमच्या घरून येतीय. सविताबाई म्हटल्या, ते तिकिटाच्या हापिसात गेलेत. आलेच मग रिक्षात बसून.

रंगनाथराव : काही विशेष?

साळूबाई : इशेष तुम्हीच सांगा. सकाळी माझी बॅग भराया म्हणून सविताबाईंनी बोलावलं. झबली माझ्या बॅगंत, डिंकाचे लाडू माझ्या बॅगंत, बाळंतकाढा माझ्या बॅगंत. पोरीला आवडती ती कारळ्याची चटणी, ती बी माझ्याच बॅगंत. मी म्हटलं, बाई, तुमच्या बॅगंत काय दगडं नेताय? तर त्या हसल्या. तसलं हसणं मला कळतंय.

रंगनाथराव : वस्तुस्थिती अशी आहे की, काही तांत्रिक अडचणींमुळे, तूर्तास, म्हणजे अंतिम निर्णय झालेला नसला तरी...

साळूबाई : पोरी, तू सांग. ह्यांचं बोलणं संपस्तवर नातू शाळंत जाईल.

उज्वला : लंडनपासून पुढे झोपायची जागा एकच मिळाली, मावशी. ती मामांनी तुमच्या नावावर घेतली. मामींना बसून जमणार नाही, म्हणून मामी राहतायत.

साळूबाई : माझ्या नावावर?

रंगनाथराव : आपला मान...

साळूबाई : थांबा. माझी पाठ कुणी कापलीया? मला झोपून काय करायचंय? बसल्याजागी झोप लागती मला, कीर्तनात बी लागती.

रंगनाथराव : प्रश्न झोपेचा नाही. लग्नात जे घडले...

साळूबाई : काय घडलं?

रंगनाथराव : आपले दीर पंगतीतून उठले.

साळूबाई : ते व्हय! अहो, तो उठला. मी जेवत व्हते. जिलबीचं ताट माझ्यापातूर आलं व्हतं, आन् तुम्ही हात जोडत मधी आला, तर वाढपी पुढं निघून गेला. राग आला असंल तर त्याचा आला मला.

उज्वला : मामा, सात वर्षं त्या सोफ्याचं ओझं वागवताय तुम्ही.

रंगनाथराव : विहीणबाई, आपला मोठेपणा मी जाणतो. तथापि उद्या आपल्या भावकीत प्रश्न निघेल. मुलाची आई मागे बसली, मुलीची आई पुढे झोपली. त्याला माझ्याजवळ उत्तर नसेल.

साळूबाई : उत्तर मी देते की. पहिलं बाळंतपण कुठं असतंय?

रंगनाथराव : माहेरी. हा संकेतच आहे.

साळूबाई : पोरगी नवव्या महिन्यात माहेरी येऊ शकत नाय. मग माहेरानं तिच्याकडं जायला पाहिजे का नको? माहेर म्हंजी काय तुमचा गंगापूर रोडचा फ्लॅट? माहेर म्हंजी सविताबाई. लग्नात मान माझा व्हता, घेतला मी, नऊवारी घेतली, चांदीचं ताट घेतलं, कमी नाय केलं काय. ह्या टायमाला मान त्यांचा हाय.

रंगनाथराव : हा मुद्दा... या बाजूने मी विचार केला नव्हता.

साळूबाई : आन् समजा मानच माझा असला, तर तो कुठं ठिवायचा ते मी ठरवीन. पोरी, माझं नाव काढ, त्यांचं घाल.

उज्वला : नाव बदलता येत नाही, मावशी. हे तिकीट रद्द करायचं आणि मामींच्या नावाने नवीन काढायचं. काल संध्याकाळी काढलंय, त्यामुळे आज संध्याकाळपर्यंत पैसे कापत नाहीत.

साळूबाई : मग कर की.

उज्वला : पण रद्द केल्यावर ती खुर्ची त्याच भावात परत दिसेलच, असं नाही. दुसऱ्या कुणी उचलली, तर दोघींनाही नाही.

रंगनाथराव : म्हणजे हातात आहे ते सोडायचे, आणि मिळेल याची शाश्वती नाही.

उज्वला : हो.

साळूबाई : इवाई, हातात हाय ते कुणाच्या कामाचं हाय? माझ्या नाय, त्यांच्या नाय. सोडा.

रंगनाथराव : विहीणबाई, एक विचारतो, राग मानू नका. आपण मागे एकट्या बसाल. इंग्रजी येत नाही. काही हवे-नको झाले तर?

साळूबाई : भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू? सविताबाई शेजारी असतील म्हणून तर मी हो म्हटलं व्हतं. पाणी कसं मागायचं, संडासाचं दार कसं उघडायचं, काय माहीत नाय. पोरी, तू मला एका कागदावर चार शब्द लिहून दे, मी दाखवीन. आन् खुर्ची कडंची दे. लोकांच्या मांड्या ओलांडून जायला लाज वाटती.

उज्वला : देते, मावशी. आणि पुढचे लोक आधी उतरतात. मामींना मी सांगते, दाराशी उभ्या राहा म्हणून.

साळूबाई : त्यांना सांगायची गरज नाय. उभ्या राहतील त्या.

रंगनाथराव : उज्वला... कर रद्द.

उज्वला : नक्की?

रंगनाथराव : मी एकदा सांगितले.

उज्वला : केलं. आता थांबायचं.

रंगनाथराव : दिसते का?

उज्वला : नाही अजून.

रंगनाथराव : आता?

उज्वला : मामा, खुर्चीवर बसा. तुम्ही मानेवर श्वास सोडलात म्हणून विमानाला खुर्ची फुटत नाही.

साळूबाई : चहा मिळंल का गं इथं? ह्यांचा जीव टांगणीला लागलाय तवर.

रंगनाथराव : मला नको.

साळूबाई : मला पाहिजे. इवाई, एक सांगू? सविताबाईंनी बॅग भरताना ती चटणी दोनदा बाहेर काढली. वास घेतला, परत ठिवली. पोरीच्या हातात द्यायची चीज ती, माझ्या हातानं कशी जाईल? म्हणून आले मी पळत.

रंगनाथराव : मला ती काहीच बोलली नाही.

साळूबाई : तुमच्याशी बोलायला व्याकरण लागतंय. ती बिचारी घाबरती.

उज्वला : मामा.

रंगनाथराव : काय?

उज्वला : आली.

रंगनाथराव : त्याच भावात?

उज्वला : थोडी वर. फार नाही.

रंगनाथराव : घे. लगेच घे.

उज्वला : घेते. आधी पुढच्या जागेवर नाव. बोला, काय टाकू? आता टाकलं की ते कायम.

रंगनाथराव : विहीणबाई, अजूनही वेळ गेलेली नाही. पुढे कधी कोणी विचारले, किंवा आपल्या स्वतःच्याच मनात कधी आले, की आपल्याला कमी लेखले गेले, तर हा निर्णय कोणाचा आणि कोणत्या कारणाने झाला, ते एकदा स्पष्ट शब्दांत...

साळूबाई : सविताबाई झोपून जातील, मी बसून जाईन. विमान एकच हाय.